परसातला सुतार पक्षी: आधी दुर्बीण, ब्रिज कॅमेरा की लांब लेन्स?

पुण्यात ज्यांच्या घराला अजून परस उरला आहे, किंवा ज्यांच्या खिडकीसमोर सोसायटीचा एखादा जुना गुलमोहर, आंबा वा सिल्व्हर ओक उभा आहे, त्यांच्याकडे सुतार पक्षी बहुधा येतच असतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो: घोडा खिंकाळावा तशी कर्कश, खळखळत खाली येणारी हाक आणि पाठोपाठ सालीवरची टकटक. एकदा ती ओळखीची झाली की पुढचा प्रश्न पडतोच. हा पक्षी नीट पाहायचा आणि त्याचे छायाचित्रही काढायचे, तर पहिला खर्च कशावर करावा? एरंडवण्यातल्या घराच्या परसात मी दुर्बीण, ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, पण मोठ्या झूमचा कॅमेरा) आणि लांब लेन्सचा कॅमेरा ही तिन्ही साधने काही वर्षे वापरली आहेत, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की निवड साधनाच्या किमतीवरून करण्यापेक्षा आपले झाड किती अंतरावर आहे आणि त्यावर सकाळी किती उजेड पडतो, यावरून करावी.

आधी पक्ष्याचा आकार लक्षात घ्यावा लागतो. पुणे शहरात सर्वांत नेहमीचा सुतार म्हणजे सोनपाठी. त्याची लांबी 26 ते 29 सेंटीमीटर, म्हणजे साधारण मैनेपेक्षा मोठा. नराचा माथा आणि तुरा पूर्ण लाल असतो, तर मादीचा तुरा लाल असला तरी माथ्याचा पुढचा भाग काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात. दुसरा पिवळ्या माथ्याचा सुतार, ज्याच्या ‘महरट्टेन्सिस’ या शास्त्रीय नावातच मराठी मुलखाचा उल्लेख आहे. तो जेमतेम 17-18 सेंटीमीटरचा असतो आणि दाट बागेपेक्षा बाभळी-बोरींच्या उघड्या रानात, टेकड्यांच्या पायथ्याशी अधिक रमतो. तिसरा तपकिरी टोपीचा चिमुकला सुतार, अवघा 13 सेंटीमीटरचा, चिमणीपेक्षाही लहान. तो उंच आणि बारीक फांद्यांवर हिंडतो, म्हणून वर्षानुवर्षे परसात येऊनही कित्येकांच्या लक्षात येत नाही. चौथा पाहुणा तांबट. तो सुतार नसला तरी त्याच गणातला आहे, आणि वठलेल्या फांदीत स्वतःची ढोली स्वतः कोरतो.

आता दुर्बिणीकडे वळू. दुकानात गेलात तर ‘जास्त पट म्हणजे जास्त चांगली’ असे सांगून दहा किंवा बारा पटींची दुर्बीण पुढे केली जाते. परसासाठी मी 8x42 हीच सुचवेन. पहिला आकडा किती पट मोठे दिसते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. 42 ला 8 ने भागले की 5.25 येतात, आणि तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. 10x42 मध्ये तोच 4.2 होतो. भर उन्हात हा फरक जाणवत नाही, पण आंब्याच्या सावलीत, ढगाळ सकाळी तो स्पष्ट कळतो. शिवाय आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीतून पंधरा मीटरवर सुमारे दोन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. सुतार खोडाभोवती सतत फिरणारा पक्षी आहे. तो मागे गेला की पुन्हा कुठून डोके काढेल ते सांगता येत नाही, त्यामुळे हा रुंद आवाका दोन पट जास्त मोठे दिसण्यापेक्षा मला मोलाचा वाटतो. आणखी एक गोष्ट विकत घेताना तपासावी: दुर्बीण किती जवळच्या वस्तूवर स्पष्ट होते. परसातले झाड पाच-सहा मीटरवर असेल, तर काही जुन्या धाटणीच्या मोठ्या दुर्बिणी तिथे निरुपयोगी ठरतात. दोन-तीन मीटरपर्यंत स्पष्ट दाखवणारी दुर्बीण मागून घ्यावी.

दुर्बिणीने काय मिळते, ते एका सकाळीवरून सांगतो. परसातल्या सिल्व्हर ओकवर सोनपाठीची मादी बसली होती, माझ्यापासून आठेक मीटरवर. दोन बोटे पुढे आणि दोन मागे रोवून तिने साल धरली होती आणि शेपटीची ताठ पिसे खोडावर इतकी दाबली होती की त्यांची टोके किंचित फाकली होती. त्या तिसऱ्या पायावर सगळा भार टाकून ती मान मागे घेत होती. चार-पाच ठोके, मग थांबणे, डोके एका बाजूला कलते करणे, मग दोन वीत वर सरकून पुन्हा ठोके. सालीचे कपचे खालच्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर पडत होते आणि त्यांचा आवाज मला ठोक्यांइतकाच स्वच्छ ऐकू येत होता. हे सारे कॅमेऱ्याच्या चौकटीतून मला कधीच इतक्या सलगपणे दिसले नव्हते, कारण कॅमेरा हातात असला की लक्ष पक्ष्याकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त असते. पुढे छायाचित्रे काढताना मात्र त्या निरीक्षणाचा थेट उपयोग झाला. ठोका बसण्याच्या क्षणी सुताराच्या डोळ्यावर पातळ पापणी ओढली जाते, आणि मधला विराम येतो तेव्हा डोळा उघडा, मान स्थिर असते. बटण दाबायचे ते त्या विरामात.

ब्रिज कॅमेऱ्याचा मोह मोठा असतो, आणि तो अगदीच अनाठायी आहे असेही नाही. निकॉनचा पी 950 घेतला तर त्यात 83 पट झूम, म्हणजे 2000 मिलिमीटरच्या तोडीचा पल्ला (हा आकडा जितका मोठा, तितके लांबचे जवळ दिसते), एका किलोच्या आसपास वजनात मिळतो. पी 1000 मध्ये तोच 125 पट आणि 3000 मिलिमीटरपर्यंत जातो. रस्त्यापलीकडच्या वर्षावृक्षाच्या शेंड्यावरचा चिमुकला सुतारसुद्धा त्यात चौकटभर येतो. पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा, सुमारे 6 बाय 4.5 मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो; लेन्स बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत असतो त्या नेहमीच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या जवळपास तेरा पट भरते. उजेड कमी झाला की हा फरक चित्रात उतरतो आणि पाठीवरचा सोनेरी रंग मेणचट होतो, गळ्यावरची काळी-पांढरी नक्षी एकमेकीत मिसळते. झूम पूर्ण ताणल्यावर हाताची थरथरही तितक्याच पटींनी वाढते आणि निसटलेला पक्षी चौकटीत पुन्हा सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. मात्र चलचित्रणासाठी, ट्रायपॉडवर ठेवून ढोलीकडे लांबून पाहण्यासाठी, हा कॅमेरा मला आजही सर्वांत सोयीचा वाटतो. सोनीचा आरएक्स 10 मार्क 4 हा मधला पर्याय आहे. त्याचा एक इंची सेन्सर बराच मोठा असून पल्ला 600 मिलिमीटरपर्यंत आहे.

लांब लेन्सचा मिररलेस किंवा डीएसएलआर (दोन्ही लेन्स बदलता येणारे कॅमेरे) घ्यायचा, तर आधी थोडे गणित करावे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 400 मिलिमीटरची लेन्स 600 च्या तोडीचा पल्ला देते. पंधरा मीटरवरचा 28 सेंटीमीटरचा सोनपाठी त्यात आडव्या चौकटीच्या उंचीचा जवळपास निम्मा भाग व्यापतो, आणि चांगल्या चित्राला तेवढे पुरेसे आहे. त्याच अंतरावरचा चिमुकला सुतार मात्र जेमतेम पाचवा हिस्सा व्यापेल. म्हणजे मोठ्या पक्ष्यासाठी 100-400 सारखी हलकी लेन्स भागते. लहानासाठी एकतर जवळ जावे लागते किंवा 150-600 चा दोन किलोचा भार उचलावा लागतो. ठोके मारणारा पक्षी टिपायला शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी हवा आणि उडतानाचा हवा असेल तर दोन हजाराव्या भागाइतका. हिवाळ्यात पुण्यात सूर्योदयच सातच्या सुमारास होतो. त्यानंतरच्या पहिल्या तासात हा वेग साधायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, सोळाशे-बत्तीसशेपर्यंत न्यावा लागतो, आणि इथेच मोठ्या सेन्सरची किंमत वसूल होते. पक्षी बिचकू नये म्हणून पुष्कळजण आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. मीही लावत असे, पण ठोका मारताना काढलेल्या चित्रांत चोच वाकडी आलेली पाहिल्यावर ते बंद केले. ज्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीने हळू वाचला जातो, त्यात असे होते. सुताराला यांत्रिक शटरच्या आवाजाची दोन दिवसांत सवय होते.

मोबाइल दुर्बिणीला लावून काढलेले चित्र नोंदीपुरते चालते. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

साधनापेक्षा बसण्याची जागा अधिक फरक पाडते, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. परसात खुर्ची टाकून बसलात तर पक्षी जवळ असतो, पण मान वर करून पाहावे लागते आणि मागे पांढरे आकाश येते. अशा वेळी कॅमेऱ्यात एक पायरी उजेड (एक्स्पोजर) वाढवला नाही तर सोनपाठी नुसता काळा दिसतो. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तोच पक्षी डोळ्याच्या रेषेत येतो, मागे पानांची हिरवी भिंत मिळते आणि खोलीच्या अंधारात तुम्ही त्याला दिसतही नाही. खिडकीची काच आणि डासांची जाळी मात्र सरकवावीच लागते, कारण दोन्हींमुळे चित्र मळकट होते. दुमजली घर असेल तर मी खिडकीच निवडेन.

एकाच वस्तूचे पैसे असतील तर दुर्बीण घ्यावी आणि एक हंगाम फक्त पाहावे. सुताराच्या फेरीची वेळ आणि झाडे बरीचशी ठरलेली असतात, ती वहीत उतरवावीत. त्यानंतर झाड पंधरा मीटरच्या आत आणि मोकळ्या उजेडात असेल तर 400 ची लेन्स. वीस-पंचवीस मीटरपलीकडे असेल, वजन पेलत नसेल किंवा चित्रे मोबाइलवरच पाहायची असतील तर ब्रिज कॅमेरा. दुर्बीण वगळून थेट कॅमेरा घेणाऱ्यांना मी दरवेळी थांबवतो. यातले काहीही घेतले तरी जून ते सप्टेंबर ते कपाटातल्या कापडी पिशवीत ठेवू नये. पुण्याच्या पावसाळी दमटपणात भिंगावर बुरशी धरते. झाकणबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने काम भागते.

ढोलीच्या छायाचित्रणाचा मोह आवरता येत नसेल तर नियम कडक ठेवावेत. सोनपाठीची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते जुलै या काळात होते. अंडी सुमारे अकरा दिवसांत फुटतात आणि पिल्ले साधारण वीस दिवसांनी बाहेर पडतात. या महिनाभरात फ्लॅश वापरू नये, ढोलीसमोरची पाने छाटू नयेत, मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला बोलावू नये. घरट्याची नासधूस करणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. खरी अडचण येते ती पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शेजारच्या आवारातली गुलमोहराची वठलेली फांदी ‘धोकादायक’ म्हणून उतरवली गेली. ती पडल्यावर ढोलीच्या तोंडाशी ताजा भुसा दिसला. महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार छाटणीलाही परवानगी लागते, तेव्हा अर्ज करण्याआधी दोन सकाळी दुर्बिणीने त्या फांदीकडे पाहावे. ढोली वापरात असेल आणि फांदी रस्त्यावर वा वाहनांवर झुकलेली नसेल तर काम ऑक्टोबर-नोव्हेंबरवर ढकलता येते, आणि तोही थोडा वरचा भागच उतरवून चार-पाच फुटांचे खोड ठेवावे. सोनपाठी सोडून गेला की त्याच भोकात पुढल्या वर्षी दयाळ किंवा साळुंकी राहायला येते.