ए.ए.ची मीटिंग कुठली धरायची? बऱ्याच फिरून झाल्यावरचा रिव्ह्यू

दारू सोडायची म्हणून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला जाणार असाल तर पहिल्या मीटिंगवरून मार्क देऊ नका. दारू सोडायचा त्यांचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम सगळीकडे तोच, पण ग्रुपाग्रुपात जमीनअस्मानाचा फरक असतो. एक मीटिंग पटली नाही म्हणून "आपल्याला नाही जमत बुवा" म्हणत परत बसायला लागलेले लोक पाहिलेत मी, अरे दोन स्टेशन पुढे उतरून दुसरी बघायची ना!

लोक विचारतात ग्रुप कसा आहे, मी विचारतो किती वाजता आहे. बसायची वेळ साडेसात ते नऊ, ऑफिसात डोकं उठलेलं, पोटात काही नाही आणि तेवढ्यात मित्राचा फोन, "कुठंयस?" नेमक्या त्याच टायमाला मीटिंग असेल तर अर्धं काम तिथंच झालं. रविवारी सकाळची एक मीटिंग माणसं म्हणून फार भारी वाटली, पण मला तलफ यायची ती संध्याकाळी, मग सकाळचं ज्ञान सातनंतर टिकायचंच नाही. (सकाळी उठल्या उठल्या ज्यांचे हात थरथरतात त्यांचं वेगळं. त्यांनी मीटिंगच्याही आधी डॉक्टर गाठावा, रोजची भरपूर दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावर बेतू शकतं. मीटिंग म्हणजे औषध नव्हे.)

दुसरं म्हणजे रस्ता. घरापासून जवळची मीटिंग जर जुन्या परमिट रूमसमोरून जाऊन येत असेल तर मी लांबची घेईन, मग भले रिक्षाचे पैसे जाऊ देत.

आता आतलं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट. शेवटी थैली फिरते, त्यात वाटलं तर टाका, नवीन माणसानं नाही टाकलं तरी कोणी बघत नाही, बाहेरून देणग्या ते घेतच नाहीत. समोर डॉक्टर किंवा काउन्सेलर बसलेला नसतो, सगळे आपल्यासारखेच पिणारे, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला हे सुरू केलं तेच मुळी एका शेअरबाजारवाल्यानं आणि एका सर्जननं, दोघंही स्वतः पक्के पिणारे. "नुसतं बोलून दारू सुटते का" असं विचारणारा मेव्हणा प्रत्येकाला असतोच, त्याला सांगा की २०२० साली कोक्रेनच्या (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) आढाव्यात २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली, आणि पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिकडे नेणारे कार्यक्रम बाकी उपचारांच्या बरोबरीचे नाहीतर सरस निघाले.

भाषेचं बघा. एका मीटिंगला बरीचशी मंडळी इंग्रजीत शेअर करायची, सगळी सभ्य, पण आपण बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या ते इंग्रजीत सांगताना बातमी वाचल्यासारखं वाटतं. नंतर शाळेच्या वर्गात भरणारी मराठी मीटिंग मिळाली, बाकं लहान मुलांची, गुडघे वर येतात, पण तिथं एक जण म्हणाला "श्रावण मी कडक पाळायचो, म्हणजे कंट्रोल आहे असं वाटायचं, आणि गटारीला तो कंट्रोल साजरा करायचो" आणि अख्खा वर्ग हसला, आपलंच बिंग फुटल्यासारखा. मी तीच धरली.

मला न जमलेला प्रकार म्हणजे लेक्चर. एका सपोर्ट ग्रुपमध्ये, नाव घेत नाही, दोन जुने लोकच तासभर बोलायचे आणि नवीन माणसाला शेवटची दोन मिनिटं. दुसरीकडे पहिल्याच दिवशी मला भक्तिमार्गाला लावायची घाई. उच्चशक्तीचा, म्हणजे आपल्याहून मोठ्या कुठल्यातरी शक्तीचा विषय ए.ए.त आहेच, पण ती ज्याला जशी समजेल तशी, नास्तिक लोकही येतात आणि टिकतात. चांगला ग्रुप ओळखायचा तर मीटिंग संपल्यावर थांबा. चहाच्या टपरीवर नवीन माणसाला कोणी बरोबर घेतंय का, नंबर देऊन "रात्री कधीही कर" म्हणतंय का, ते बघा. स्पॉन्सर, म्हणजे नवीन माणसाला हाताला धरून नेणारा जुना मेंबर, तिथंच सापडतो, आतल्या जोरदार भाषणावरून निवडू नये.

पहिल्यांदा जाताना खुली मीटिंग आहे का विचारून घ्या, खुलीला घरचे येऊ शकतात, बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रॉब्लेम असलेल्यांसाठी. बायकोसाठी, आईवडिलांसाठी अल-ॲनॉन हा घरच्यांचा ग्रुप वेगळा आहे, आणि तुम्ही सोडा न सोडा त्यांनी जावं. बायका कमी दिसतात, हा मोठा मायनस. एकट्या बाईनं तीस पुरुषांत बसून बोलायचं म्हणजे सोपं नाही, बायकांची वेगळी मीटिंग कुठं आहे ते आधी फोनवर विचारा.

ॲडमिट व्हायची गरज असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. काहीच सुचत नसेल तर सरकारी हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री.

ऑनलाइन मीटिंगला माझे पाचपैकी तीन. नाइट शिफ्टवाल्यांना, दुबईत नाहीतर अमेरिकेत एकट्या पडलेल्या मराठी माणसाला वरदान, पण कॅमेरा बंद करून पीत पीतसुद्धा ऐकता येतं. शाळेतल्या मीटिंगला साडेचार, अर्धा कापला तो पंख्यासाठी, मे महिन्यात खिडकीजवळचं बाक पकडा.