मोटरला पाण्याने थंड करायचंय: तांब्याची नळी, जॅकेट की तेल?

आधी मोटर उघडून स्टेटर (तारेची वेटोळी असलेला, न फिरणारा भाग) कुठे टेकलाय ते बघा. उष्णता वाइंडिंगमध्ये, म्हणजे त्या वेटोळ्यांत, तयार होते आणि स्टेटरवाटे बाहेर येते. आउटरनर प्रकारच्या मोटरीत बाहेरचा डबाच फिरतो, त्यामुळे त्याला नळी गुंडाळता येत नाही. तिथे ब्लोअर लावा किंवा स्टेटरची माउंटिंग प्लेट थंड करा. खालचं सगळं स्टेटर बॉडीत घट्ट बसवलेल्या मोटरींसाठी आहे.

कमी खर्चात तांब्याची नळीच घ्यावी. १२० मिमी व्यासाच्या बॉडीवर ८ मिमी नळीचे आठ वेढे घालायला साधारण सव्वातीन मीटर नळी लागते. ६ मिमीची नळी वाकवायला सोपी, पण आतून इतकी अरुंद की छोटा पंप दम टाकतो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत बारीक कोरडी वाळू ठासून भरा, नंतर पाण्याने नीट धुऊन काढा.

खरी गफलत इथे होते: गोल नळी बॉडीला फक्त एका रेषेत टेकते, बाकी सगळी हवा. म्हणून बॉडीचा रंग खरवडून काढा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि नळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा थर्मल इपॉक्सीने (उष्णता वाहून नेणाऱ्या गोंदाने) भरून काढा. हे टाळलं तर पाणी गार राहतं आणि मोटर तापतच जाते. बॉडीला फिन (बाहेर आलेल्या पातळ पट्ट्या) असतील तर नळी नीट बसतच नाही.

जॅकेट म्हणजे बॉडीभोवती बसवलेलं दुसरं नळकांडं. त्यात पाणी थेट बॉडीला लागतं, पण लेथचं काम आलं. ओ-रिंगच्या (गळती रोखणाऱ्या रबरी कडीच्या) खाचेत ओरखडा राहिला की गळती ठरलेली. आत सर्पिल खाच हवी, नाहीतर पाणी जवळच्या वाटेने निघून जातं आणि पलीकडची बाजू तापलेलीच राहते. लेथ हाताशी असेल तरच या वाटेला जा.

मोटरच्या आत सोडलेलं तेल थेट वाइंडिंगला भिडतं, म्हणून मोह होतो. पण रोटर (आतला फिरणारा भाग) तेल घुसळतो, त्यात शक्ती वाया जाते. शिवाय तेल वायरच्या तारांमधून झिरपत कंट्रोलरपर्यंत (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटपर्यंत) पोहोचतं. कमी बजेटमध्ये नकोच.

पाणी फार लागत नाही: मिनिटाला एक लिटर प्रवाह १० अंश तापला की सुमारे ७०० वॉट उष्णता वाहून नेतो. रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. ॲल्युमिनियमचा लावला तर तांब्याच्या संगतीने तो गंजतो. कूलंट गंजरोधक असलेलाच भरा. टाकी पंपाच्या वर ठेवा, म्हणजे पंपात हवा अडकत नाही.

तापमानाचा सेन्सर वाइंडिंगमध्ये खोचा. पाणी खेळवल्यावर बॉडी हाताला गार लागते, आत मात्र वाइंडिंग १०० अंशांच्या पुढे गेलेली असू शकते.