सर्वाव्हॅक : लस उत्तम, पण डोस किती घ्यायचे?

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्वाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी पहिली भारतीय बनावटीची लस असून, जुलै २०२२ मध्ये तिला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ती खाजगी दवाखान्यांत उपलब्ध झाली. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून ती संरक्षण देते. यांपैकी १६ आणि १८ हेच गर्भाशयमुखाच्या बहुतांश कर्करोगांना कारणीभूत असतात. एका डोसची छापील किंमत दोन हजार रुपयांच्या घरात आहे. नऊ प्रकारांवर चालणाऱ्या परदेशी लशीच्या मानाने ही रक्कम बरीच कमी असली, तरी दोन मुली असलेल्या मध्यमवर्गीय घराला विचार करायला लावणारी आहे, आणि म्हणूनच डोस किती घ्यायचे हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला ही लस आम्ही आमच्या भागातील एका बालरोगतज्ज्ञांकडे दिली. दंडात सुई, त्यानंतर चक्कर येण्याची शक्यता असते म्हणून पंधरा मिनिटे बाकावर बसवून ठेवणे, आणि दुसऱ्या दिवशी दंड थोडा ठणकणे, एवढ्यावर ते निभावले. तक्रार आहे ती कार्डाबद्दल. स्वागतकक्षातील मुलीने कार्डावर ‘०–२–६ महिने’ असा तयार शिक्का मारला आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची लिहून दिली. हे तीन डोसांचे वेळापत्रक पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे; नऊ ते चौदा या वयोगटासाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोनच डोस पुरतात, असे लशीसोबतच्या माहितीपत्रकातच म्हटलेले आहे. डॉक्टरांना दाखवताच त्यांनी तारीख खोडून दुरुस्त केली. पण ज्या पालकांनी माहितीपत्रक उघडून पाहिले नसेल, त्यांच्याकडून एका जादा डोसचे पैसे सहज गेले असते.

दोन डोस पुरण्यामागचे कारण सोपे आहे. या वयात प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद इतका जोमदार असतो की दोन डोसांनंतर मुलींच्या रक्तात आढळणारी प्रतिपिंडे तीन डोस घेतलेल्या तरुणींपेक्षा कमी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच या वयोगटासाठी दोन डोसांची शिफारस केली होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती आणखी एक पाऊल पुढे गेली आणि नऊ ते वीस वर्षे वयाच्या मुलींसाठी एकच डोस हाही पर्याय तिने ग्राह्य धरला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या दोन्ही देशांनी २०२३ मध्ये तो स्वीकारला.

या बदलामागच्या पुराव्याचा एक मोठा भाग आपल्याच देशातला, किंबहुना बराचसा आपल्याच मुलुखातला आहे. दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करण्यासाठी २००९ मध्ये भारतात सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात पुणे आणि बार्शी ही केंद्रे होती. दरम्यान आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एचपीव्ही लसीकरणाच्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध जोडता आला नाही, मात्र संमती घेण्याच्या पद्धतीवर पुढे संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. त्या गदारोळात २०१० मध्ये सरकारने या अभ्यासातील लसीकरणही थांबवले. परिणामी सुमारे पाच हजार मुली एका डोसवरच राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर न सोडता त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : १६ आणि १८ या प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून मिळणारे संरक्षण एका डोसने ९५.४ टक्के, दोन डोसांनी ९३.१ टक्के आणि तीन डोसांनी ९३.३ टक्के. म्हणजे व्यवहारात फरक नाहीच. केनियातील तरुणींवर झालेल्या स्वतंत्र चाचणीतही एका डोसचे संरक्षण ९७ टक्क्यांच्या वर आढळले.

मग दुसऱ्या डोसचे दोन हजार वाचवावेत का? इथे मी थोडा हात आखडता घेतो, कारण भारतातील त्या अभ्यासात वापरलेली लस गार्डासिल ही चार प्रकारांवरची परदेशी लस होती, सर्वाव्हॅक नव्हे. दोन्हींची घडण सारख्या तत्त्वावर असली, म्हणजे विषाणूच्या बाह्य कवचासारखे दिसणारे, आत जनुकीय द्रव्य नसलेले कण त्यांत असले, तरी एका लशीचे आकडे दुसरीच्या नावावर खपवणे बरोबर नाही. सर्वाव्हॅकला परवानगी मिळाली ती दोन आणि तीन डोसांच्या वेळापत्रकावर. त्यामुळे ज्यांना परवडते त्यांनी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलीला दोन डोस द्यावेत, हे माझे मत. परंतु दोन डोसांचे पैसे एकदम जमत नाहीत म्हणून पहिलाच लांबणीवर टाकणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरेल. पहिला द्यावा, दुसरा सहा महिन्यांऐवजी वर्षाने दिला तरी बिघडत नाही, लवकर मात्र देऊ नये. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलींना ही सवलत लागू नाही; त्यांना शक्यतो तीन डोस द्यावेत.

लस घेतली म्हणजे पुढे तपासणी नको, असेही नाही. तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते. दवाखान्यात याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, भिंतीवरच्या रंगीत फलकावरही त्याचा उल्लेख नव्हता.

वेळापत्रक ठरते ते पहिल्या डोसच्या दिवशीच्या वयावरून. माझ्या भाचीला पंधरावे पूर्ण झाल्यावर नेले, म्हणून माहितीपत्रकाप्रमाणे तिला तीन डोस सांगितले गेले. तिच्या आईला त्यासाठी दोन हजार रुपये जास्त मोजावे लागणार आहेत.