'द डिझास्टर आर्टिस्ट'च्या आधी काय: 'द रूम' की पुस्तक?

शनिवारी घरी 'द डिझास्टर आर्टिस्ट' (२०१७) लावायचा बेत आहे; 'द रूम' हा फसलेला सिनेमा कसा बनला, त्याची ही गोष्ट. भाची उतावीळ झालीय, पण अडलीय: "मामा, आधी 'द रूम' बघू की ग्रेग सेस्टेरोचं पुस्तक वाचू?" सेस्टेरो म्हणजे 'द रूम'मधला नट; त्याच्याच पुस्तकावरून शनिवारचा सिनेमा बेतलाय.

वेळ म्हणाल तर २००३चा 'द रूम' पावणेदोन तासांच्या आत संपतो. पुस्तकाला दोन-तीन रात्री जातात.

सोसण्याची ताकद मात्र 'द रूम'लाच जास्त लागते. त्याचा दिग्दर्शक आणि नायक टॉमी वायसो गच्चीवर येतो, "मी तिला मारलं नाही" म्हणत बाटली भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी मित्राला हसून "ओह हाय, मार्क" म्हणतो! एकट्यानं बघितलात तर डोकं धराल, चौघांत बसलात तर पोट धराल.

हे असं का झालं, ते पुस्तकात कळतं. वायसो पठ्ठ्यानं फिल्म आणि डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून सिनेमा काढला. ती गच्चीही पार्किंगमध्ये उभारलेला सेट.

नकला ओळखून हसायचं असेल, तर 'द रूम' आधी. 'द डिझास्टर आर्टिस्ट'च्या शेवटी मूळ दृश्यं आणि त्यांची नक्कल शेजारी-शेजारी येतात, तिथं वसूल होतं. माणसाच्या हट्टाचं कुतूहल असेल, तर पुस्तक. भाचीला मी 'द रूम' दिलाय, चहाच्या थर्मासासकट.