जुन्याच केबलवर नवा दोरा गुंडाळून दिला, क्रॉसबो दुरुस्तीला देताना एवढं बघा

माझ्या क्रॉसबोच्या, म्हणजे बंदुकीसारखं धरून चालवायच्या धनुष्याच्या, एका केबलवर निळ्या ऑइलपेंटचा डाग होता. टाचणीच्या डोक्याएवढा. कपाट रंगवताना ब्रशचा शिंतोडा उडाला होता, आणि धाग्याला काही होईल या भीतीने मी तो थिनर लावून पुसला नव्हता. तो डाग नसता तर मला फसवलंय हे मला आजही कळलं नसतं.

बो कंपाउंड आहे, १७५ पौंडाचा (ताणायला लागणारा जोर), म्हणजे लिंबच्या (धनुष्याच्या लवचीक पात्यांच्या) टोकांना कॅम (चाकं) असतात आणि बाण सोडणाऱ्या स्ट्रिंगसोबत दोन केबल त्यांना जोडलेल्या असतात. दोन वर्षं वापर झाला होता आणि मधलं सर्व्हिंग (धाग्यांना झीज होऊ नये म्हणून वरून गुंडाळलेला दोरा), म्हणजे लॅच (ट्रिगरची पकड) स्ट्रिंगला जिथे पकडते आणि जे रेलवर (बाण ठेवायच्या पट्टीवर) घासतं ते, फाकायला लागलं होतं, फटीतून आतले धागे दिसत होते. केबलींना पण लव सुटली होती, जास्त करून रेलखालच्या खाचेतून दोघी एकमेकींना ओलांडून जातात तिथे. म्हटलं आता वॅक्स लावून चालवण्यात अर्थ नाही, पूर्ण सेट बदलू. स्ट्रिंग आणि दोन्ही केबल एकदमच बदलायच्या असतात, कारण एकीची लांबी जरा जरी बदलली तरी सगळ्याचा मेळ जातो, नवी स्ट्रिंग आणि ताणलेल्या जुन्या केबल असं ठेवलं तर दोन्ही कॅम बरोबरीने फिरत नाहीत. हे मला माहीत होतं म्हणून मी स्पष्ट सांगितलं होतं की एक स्ट्रिंग, दोन केबल, सगळं नवीन. पैसे पण तेवढेच घेतले त्याने. हे काम मी स्वतः केलं नाही कारण माझ्याकडे बो प्रेस (लिंब दाबून धरणारा साचा) नाही, आणि कंपाउंडची केबल प्रेसशिवाय काढायला जायचंच नाही, लिंबमधला ताण एकदम सुटला तर बोटं जातील.

दुरुस्तीवाला बोलायला चांगला होता. "ताई ठेवून जा, परवा घेऊन जा." मी म्हटलं दादा मी थांबते ना, मला बघायचंय कसं करता ते. तर म्हणाला प्रेसजवळ मी कुणाला उभं राहू देत नाही, सेफ्टीचं आहे. आता हे कारण खोटं नाहीये, प्रेसमधे असताना लिंब फुटलं तर तुकडे उडतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं. त्या खऱ्या कारणाच्या आडूनच त्याने सगळं केलं, आणि याचा मला जास्त राग येतो.

परवा गेले तर बो चकाचक. दोन्ही केबलींच्या टोकांना आणि खाचेतल्या जागेवर लालभडक नवीन सर्व्हिंग, मधे तुळतुळीत काळे धागे, वॅक्सचा वास. मी विचारलं जुना सेट कुठाय, तर म्हणे "तो कचऱ्यात टाकला ताई, त्याचं काय करायचंय." मी बरं म्हटलं आणि निघाले. तिथेच अडायला हवं होतं मी.

पहिल्याच दिवशी बोल्ट (क्रॉसबोचे बाण) डावीकडे पडायला लागले. २० यार्डवर चारेक इंच. मला वाटलं नवीन स्ट्रिंग आहे, बसायला वेळ लागेल, म्हणून स्कोप फिरवून घेतला. पुढच्या वेळी परत डावीकडे, परत स्कोप फिरवला. असं तीनदा झालं. आता कळतंय की मी दुखणं झाकत होते. स्ट्रिंगवर रेलच्या दोन्ही बाजूंना मार्करने खुणा करायच्या असतात, म्हणजे कॉकिंग रोपने (स्ट्रिंग मागे ओढायच्या दोरीने) ओढताना ती मधोमध लॅचमधे बसली का ते दिसतं, तर माझ्या खुणा बरोबर यायच्या, म्हणजे ओढण्यात चूक नव्हती. मग कॅमवरच्या टायमिंगच्या खुणा (दोन्ही बरोबरीने फिरतात का ते दाखवणाऱ्या) बघितल्या तर एक कॅम दुसऱ्यापेक्षा पुढे फिरलेला. दोन्ही केबल खरंच नव्या आणि बरोबर मापाच्या असत्या तर इतक्या लवकर एवढा फरक पडायचं कारण नव्हतं.

त्या संध्याकाळी बो न ताणलेला, बोल्ट बाजूला, आणि मी वॅक्स लावायला घेतलं. वॅक्स उघड्या धाग्यांना लावायचं, सर्व्हिंगला नाही, आणि लावल्यावर बोटांनी चोळायचं म्हणजे चोळण्याच्या उबेने ते आत जातं. चोळता चोळता बोटाला काहीतरी टोचलं. बारीक बारीक टणक कण, वाळूसारखे, धाग्यालाच चिकटलेले. कापडाने वॅक्स पुसून काढत गेले आणि लाल सर्व्हिंगच्या अगदी कडेला अर्धा निळा ठिपका दिसला. उरलेला अर्धा त्या नव्या दोऱ्याच्या खाली गेला होता. मी किती वेळ नुसती बघत बसले होते.

कण कसले ते नंतर कळलं, दुसऱ्या एका जाणकाराकडे बो नेला तेव्हा. या धाग्यांमधे बहुतेक डायनीमा असतो, काही ठिकाणी त्यात व्हेक्ट्रान नावाचा दुसरा धागा मिसळलेला. डायनीमा म्हणजे पॉलिथिलीनच, ओढायला भयंकर मजबूत पण साधारण १५० डिग्रीला वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून उष्णतेने कमजोर व्हायला लागतो. केबलला लव आली की ती लायटरने जाळून टाकली तर वरून गुळगुळीत दिसते, पण जळालेल्या टोकांचे असे टणक मणी होतात आणि शेजारचे चांगले धागे पण भाजतात. म्हणजे माझ्या जुन्याच केबलींना त्याने ज्योत दाखवली, वरून काळं वॅक्स थापलं, टोकांचं आणि खाचेतलं सर्व्हिंग काढून नवीन लाल गुंडाळलं आणि नवीन म्हणून दिल्या. नुसत्या जुन्या परत दिल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, त्याने आधीपेक्षा जास्त धोकादायक करून दिल्या.

या जाणकाराने प्रेसमधे घेऊन केबल काढली आणि खाचेतल्या जागेवरचं सर्व्हिंग माझ्यासमोर उलगडलं. खाली तीन धागे पूर्ण तुटलेले. यावर मी जवळजवळ दीडशे बोल्ट मारले होते, दरवेळी गाल स्टॉकला (दस्त्याला) टेकवून. ताणलेल्या बोची केबल तुटली तर लिंबमधली सगळी ताकद बोल्टला न जाता बोमधेच परत फिरते, ड्राय फायरसारखं (बोल्ट न लावताच सोडल्यासारखं), आणि तेव्हा लिंब, कॅम, तोंडासमोरचा स्कोप, काय कुठे उडेल सांगता येत नाही. ही पोस्ट लिहितेय ती त्या तीन धाग्यांमुळे, पैशांचं मी एव्हाना सोडून दिलं असतं.

पहिल्याकडे परत गेले तर आधी म्हणाला डाग नवीन पडला असेल. मी विचारलं मग दादा तो तुमच्या सर्व्हिंगच्या खाली कसा गेला? त्यावर गप्प. मग सुरू झालं की ताई केबल झिजतच नाहीत, घासते ती स्ट्रिंग, केबलला काय होतंय. हे साफ खोटं आहे आणि कुणी सांगितलं तर ऐकू नका. बो नुसता भिंतीला टांगलेला असला तरी केबलींवर चोवीस तास ताण असतो, ताणल्यावर अजून वाढतो, आणि प्रत्येक शॉटला त्या खाचेत आणि एकमेकींवर घासतात. शेवटी केबलींचे पैसे दिले परत, बरीच कटकट करून.

आता मी काय करते ते सांगते. बो देण्याआधी न ताणलेल्या अवस्थेत एका एक्सलपासून (कॅमच्या आसापासून) दुसऱ्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवते आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघते, कारण केबल ताणून लांब झाल्या की लिंब सैल पडतात आणि हे अंतर वाढतं. सर्व्हिंगचे, कॅमच्या खुणांचे, केबलच्या टोकांच्या फाशांचे फोटो काढते, जवळून. नवीन सेट बोवर चढायच्या आधी पाकिटासकट हातात घेऊन बघते, त्यावर तिन्हींची लांबी लिहिलेली आहे का आणि ती मॅन्युअलशी जुळते का. ही लांबी नुसती टेपने मोजायची नसते, धनुर्विद्येच्या सामानाच्या स्टँडर्डप्रमाणे १०० पौंड ताण देऊन मोजतात, त्यामुळे दुरुस्तीवाला "साधारण तेवढीच आहे" म्हणाला तर थांबा, पीळ वाढवून लांब केबल आखूड करता येते खरी पण मापाची चूक पिळाने झाकायची नसते. आणि जुना सेट परत मागते. काम द्यायच्या आधीच सांगते की जुन्या तिन्ही दोऱ्या मला पिशवीत घालून परत हव्यात. सरळ माणूस यावर काही बोलत नाही. जो कां-कूं करतो त्याच्याकडून मी बो उचलून परत आणते.

धाग्यावरून हळूच नख फिरवून बघा, टणक कण लागले तर तो बो ताणू नका. आणि कुणी तुम्हाला वॅक्स आत जाण्यासाठी हीट गन मारायला सांगितली तर मारू नका, तिची हवा कित्येकदा ३०० डिग्रीच्या वर जाते.

दुसऱ्या जाणकाराने नवीन सेट चढवला तेव्हा मलाही चष्मा दिला आणि चार पावलं लांब उभं केलं, म्हणाला इथून सगळं दिसतंय, बघा. प्रेसमधून काढल्यावर कॅमच्या खुणा जुळवल्या, रेलला एक थेंब ल्यूब लावलं, आणि पहिले पाच बोल्ट स्वतः मारले. मग परत एक्सलचं अंतर मोजलं, मला टेप धरायला लावून.