पुण्यातून भाड्याची कॅम्पर व्हॅन: भंडारदऱ्यातल्या वाढदिवसासाठी घ्यावी का?

घ्यावी, पण माणसे चार असतील आणि मुक्काम दोन रात्रींचा आणि एकाच जागी असेल तरच. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परमध्ये 'सहा जण झोपतात' असे सांगितले, तरी त्यात दोन पोरे धरलेली असतात. चालकाची झोपायची सोय वेगळी करावी लागते, ते आधीच विचारा. उत्सवमूर्ती साठीच्या पुढची असेल, तर वरचा बर्थ बाद समजा.

बुकिंगच्या वेळी सगळे फोटो बिछान्याचे दाखवतात. विचारायची गोष्ट म्हणजे बॅटरी. साधी १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड असेल, तर हिशेब असा: १२ व्होल्टने १२०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे हातात राहतात ६००. ४५ वॉटचा फ्रिज दिवसातला निम्मा वेळ चालला तरी ५४० खातो. दिवे, पंखे आणि चार मोबाइल धरले की दुसऱ्या पहाटे अंधार. २०० अँपिअर-तासांची लिथियम असेल तरच दोन रात्री निवांत जातात. लिथियममध्ये किती उरले ते नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. टक्के दाखवणारा मीटर गाडीत आहे का, ते ताबा घेतानाच बघा. छतावरचे सोलर पॅनेल झाडाखाली उभ्या गाडीत शोभेचेच.

एसी बॅटरीवर चालवायचा विचारच नको. एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास ओढतो. नवरात्र ते दिवाळीच्या दिवसांत भंडारदऱ्याला रात्री गोधडी लागते, त्यामुळे एसीवाचून काही अडत नाही. तरी लावायचाच असेल, तर ज्या रिसॉर्टच्या आवारात गाडी उभी कराल त्याच्याकडे अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा सॉकेट मागा आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर न्या. रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते आणि तिचे आवरण वितळते.

रस्ता चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असाच धरा. बोट्यावरून ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे जाणारा रस्ता नकाशात मोहात पाडतो, पण या उंचीच्या गाडीला नको. चाकणची कोंडी चुकवायची तर पहाटे सहाच्या आत पुणे सोडा आणि डिझेलची टाकी अकोल्यात भरून घ्या. उतारावर ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेली पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि फर्निचर यांचे वजन सतत ब्रेकवर टाकले, की लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. धरणाजवळच्या शेंडी गावाहून रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी धरणाभोवतीची चक्कर मारायला स्थानिक जीप करा. तिथे रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नाही, आणि झुकलेल्या फांद्या छतावरचे पॅनेल फोडतात.

गाडी उभी करताना लेव्हल बघा, म्हणजे ती सपाट उभी आहे का ते. मोबाइलमधले लेव्हलचे ॲप चालते. चाकाखाली लाकडी पाचर द्या आणि उशी चढाच्या बाजूला ठेवा. परतीच्या पावसाची एक सर आली तरी काळ्या मातीत मागची चाके रुततात, म्हणून मुरूम टाकलेली जागाच घ्या.

आता केक. फ्रिज लहान, दार अरुंद. एक किलोच्या केकचे खोके आत जात नाही आणि क्रीम घाटाच्या वळणांत एका बाजूला सरकते. पुण्यातल्या कयानी बेकरीचा मावा केक न्या, फ्रिजच लागत नाही. फुगे चिकटपट्टीने लावू नका. पट्टी काढताना भिंतीचे लॅमिनेट सोलून निघते आणि अनामत रक्कम कापली जाते. पडद्याच्या दोरीला बांधा. मेणबत्त्या बाहेर, गाडीच्या बाजूचा चांदवा (कापडी छत) उघडून त्याखाली. आत पडदे, फोम आणि सिलिंडर एकाच खोलीत असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली झरोका हवा. तो बंद असेल तर गाडी परत करा. आणि हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा त्याला लागून आहे, तेव्हा स्पीकर, फटाके आणि शेकोटीचा हट्ट नको.

पाणी शंभर लिटर असेल तर भांडी आणि हात-तोंड धुण्यापुरते, आंघोळ रिसॉर्टवर. शौचालयाची वीस लिटरची कॅसेट (बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) चौघांत दोन दिवसांत भरते. ती सेप्टिक टँक असलेल्या शौचालयातच रिकामी करायची, धरणाच्या काठी नाही.

नंबरप्लेटही बघून घ्या. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, चालकासह मिळणारीला पिवळ्या पाटीवर काळे. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी भाड्याने फिरते आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. दर ठरवताना किलोमीटरची मर्यादा, चालक भत्ता, टोल आणि सफाईचे पैसे एकाच कागदावर लिहून घ्या. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर सहज होतात, आणि दिवसाला शंभरची मर्यादा असेल तर जादा किलोमीटरचेच बिल टोचते.