मन म्हणतंय घे, आकडे म्हणतायत थांब : पैसे गुंतवताना कुणाचं ऐकायचं?

परवा एका मित्राला प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मिळाले, तर मला विचारतोय, मनाला पटेल तिथं टाकू की नीट हिशोब करत बसू? आमच्या मामाकडं बघितलं तर उत्तर सोपं वाटतं. मामा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा राहिला की 30 किलोच्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, टवका काढून जिभेवर ठेवणार, रंग बघणार आणि भाव सांगणार, सहसा चुकत नाही. पण ह्याच मामानं टिपवर शेअर घेतले आणि लई मार खाल्ला!

डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन, अंदाजावर किती भरवसा ठेवावा ह्यावरून एकमेकांच्या विरुद्ध असलेले हे दोघं मानसशास्त्रज्ञ, 2009 मध्ये एकत्र लिहून गेले की अंदाज तिथंच खरा ठरतो जिथं गोष्टी ठराविक पद्धतीनं घडतात आणि चुकलं तर लवकर कळतं. गुळात संध्याकाळपर्यंत कळतंय, शेअरमध्ये पाच वर्षांनी कळलं तरी नशीब होतं की अक्कल हे कोण सांगणार?

माझंच सांगतो, 23 मार्च 2020 ला निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, एका दिवसात जवळपास 13 टक्के पडला, पोटात गोळा आला आणि मी म्युच्युअल फंड विकून मोकळा झालो, नोव्हेंबरपर्यंत मार्केट नव्या उच्चांकावर आणि मी बाहेर बसून बघतोय. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख साधारण दुप्पट लागतं म्हणतात, ते तेव्हा कळलं.

मग हिशोबच बरा का? तो पण लबाड असतो राव. एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम फंडात टाकायची, 10 हजारांची, 20 वर्षं, एक्सेलमध्ये वर्षाला 12 टक्के परतावा टाकला की जवळजवळ 1 कोटी, 8 टाकले की 59 लाखांच्या आसपास. आता 12 टाकायचे का 8, हे कोण ठरवतंय? मनच की!

अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झनं 1952 मध्ये पोर्टफोलिओचं, म्हणजे पैसे कुठं किती वाटायचे ह्याचं, गणित मांडलं, 1990 मध्ये नोबेल घेतलं, आणि स्वतःच्या रिटायरमेंटचे पैसे सरळ निम्मे शेअर निम्मे बाँड (कर्जरोखे) असे टाकले, कारण काय तर नंतर हळहळ नको.

म्हणून मित्राला म्हटलं, कुठं आणि किती हे कागदावर ठरव, आणि रक्कम निम्मी झाली तर झोप लागेल का एवढंच मनाला विचार. मी आता हेच करतो. आणि मित्रा, तो जो प्लॉट बघितल्या बघितल्या आवडलाय म्हणतोस ना, त्याचा सातबारा काढलास का?